कोल्ह्याच्या कातड्याला भाव आला तर?

द्राक्षांचा हंगाम आला की तासगाव तालुक्यात बागांची रात्रीची राखण सुरू होते. पाखरे, वटवाघळे आणि कोल्हा. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण इथल्या बागायतदाराला सांगायची सोय नाही. गोडी भरलेले घड कोल्हा बरोबर हेरतो. 'तास-ए-गणेश' ही जात देणाऱ्या तालुक्यात कोल्ह्याची बाजू घेणे म्हणूनच सोपे नाही. मग कुणी विचारेल, नुकसान करणाऱ्या प्राण्याचे कातडे विकले तर बिघडले कुठे?

हाच युक्तिवाद उत्तर अमेरिकेत कोयोटबद्दल वर्षानुवर्षे होतो आहे. त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

कोयोट म्हणजे कोण?

आपल्या कोल्ह्याचा हा तिकडचा जवळचा नातलग. आकाराने कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून लहान. उंदीर, ससे, फळे, मेलेले जनावर, काहीही चालते. संधी मिळाली तर मेंढीचे कोकरूही उचलतो. म्हणून मेंढपाळांचा तो वैरी. अमेरिकेत सरकारी यंत्रणाच दरवर्षी हजारो कोयोट मारते.

त्याची दाट फर थंडीच्या जॅकेटच्या टोपीला झालरीसारखी लावतात. चेहऱ्याभोवती वारा अडतो, ऊब राहते. टोरांटोच्या 'कॅनडा गूज' कंपनीच्या महागड्या जॅकेटांमुळे ही झालर जगभर फॅशन झाली. जिथे बर्फ पडत नाही तिथेही लोक ती मिरवू लागले.

नुकसान कधी, शिकार कधी?

खरी गोम इथे आहे. कोकरांचा काळ मुख्यतः वसंतातला. पिल्लांना भरवणारा कोयोट तेव्हाच कळपाभोवती जास्त फिरतो. पण फर चांगली असते ती ऐन थंडीत. त्यामुळे फरसाठी लोखंडी सापळे आणि तारेचे फास लागतात ते हिवाळ्यात, आणि अडकतो तो कोकरू पळवणारा कोयोटच असेल असे नाही. शिकार मेंढपाळाच्या गरजेने नव्हे, बाजारभावाने ठरू लागते. एवढे मारूनही कोयोट कमी झाला का? मूळचा पश्चिमेकडच्या माळरानांचा हा प्राणी आज अलास्कापासून मध्य अमेरिकेपर्यंत पसरला आहे.

शेवटी 'कॅनडा गूज'ने जून २०२१ मध्ये फर वापरणे थांबवण्याची घोषणा केली. जॅकेट विकायची थांबली नाहीत. म्हणजे झालर गरजेची किती आणि दिखाव्याची किती, ते कंपनीनेच दाखवून दिले.

आपल्याकडे काय?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कोल्ह्याची शिकार आणि त्याच्या कातड्याचा व्यापार गुन्हा आहे. मिंक, फॉक्स, चिंचिला यांच्या फरची आयातही केंद्राने जानेवारी २०१७ मध्ये बंद केली. तरीही कोल्ह्याच्या केसांचा एक धंदा चालतोच: 'कोल्ह्याचे शिंग' किंवा 'सियारसिंगी'. कोल्ह्याला शिंग नसते. विकला जातो तो केसाळ कातड्याचा गोळा, धनलाभाच्या नावाखाली, आता मोबाईलवरूनही. घेणारा फसतो आणि माल खरा निघाला तर गुन्ह्यातही अडकतो.

बागायतदाराचे नुकसान मात्र खरे आहे आणि त्याला 'निसर्गाचा समतोल' ऐकवून भागत नाही. कुंपण, राखण यांचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. पण उसाच्या फडातले उंदीर खाणाराही हाच कोल्हा, हे त्याच्या खात्यात जमेला धरायला हवे. कातड्याला भाव आला तर पैसा सापळेवाल्याच्या आणि दलालाच्या हाती जाईल. घड गेलेल्या बागेला त्यातला रुपयाही मिळणार नाही.

शेळी-मेंढी मारली गेली तर वाट वेगळी आहे. कोल्हा किंवा लांडग्याने जनावर मारल्यास ते जागेवरून न हलवता लगेच वन विभागाला कळवावे. पंचनामा झाला तरच भरपाईचा अर्ज पुढे सरकतो.

आणि अंगावर प्राण्याचीच ऊब हवी असेल, तर सांगली-साताऱ्याच्या माळावर धनगरांची दख्खनी मेंढरे चरतात. त्यांना न मारता लोकर कातरली जाते, तिची घोंगडी होते. त्या लोकरीला मात्र आज धड गिऱ्हाईक मिळत नाही.