चिठ्ठीतला घोडा



लेकीकडे मेलबर्नला असताना नोव्हेंबरचा पहिला मंगळवार आला. त्या दिवशी तिथे चक्क घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी असते! मेलबर्न कप म्हणतात. १८६१ पासून चालू आहे. दुपारी तीनला फ्लेमिंग्टनच्या मैदानावर घोडे सुटतात, ३२०० मीटर धावतात आणि साडेतीन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं.

जावईबापूंनी आठ-दहा मराठी कुटुंबं जेवायला बोलावली होती आणि 'स्वीप' ठेवला होता. म्हणजे असं, की जास्तीत जास्त चोवीस घोडे धावतात, त्यांच्या नावाच्या चोवीस चिठ्ठ्या करायच्या. एका चिठ्ठीला पाच डॉलर. चिठ्ठी न बघता उचलायची, जो घोडा निघेल तो आपला. जमलेल्या एकशे वीस डॉलरपैकी पहिल्याला सत्तर, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला पंधरा. उरलेले पाच शेवटून पहिल्या येणाऱ्याला! तिथल्या ऑफिसांतूनही हेच चालतं म्हणे.

"आई, चिठ्ठ्या तुम्ही काढा," जावई म्हणाले. मी हात मागे घेतला. आमच्या घरात रेस हा शब्द काढत नसत. माझे एक काका रेसच्या नादी लागले होते. जिंकले की ते परत लावायचे, हरले की भरून काढायला आणखी लावायचे. काकूच्या पाटल्या गेल्या, त्या आल्याच नाहीत.

पण बसून बघितलं तेव्हा वाटलं, हे प्रकरण वेगळं आहे. काकांना पैशापेक्षा 'मला घोड्यातलं कळतं' या समजुतीने बुडवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला आहे. असेल. पण ते कौशल्य आपल्यात आहे असं ज्याला त्याला वाटतं, तिथेच घात होतो. स्वीपमध्ये कळण्यासारखं काही नाहीच. पाच डॉलर गेले की गेले, भरून काढायला दुसरी शर्यत नाही. २०१५ साली प्रिन्स ऑफ पेन्झान्सचा भाव एकास शंभर होता, आणि मिशेल पेन या मुलीने त्याच्यावर बसून कप जिंकला. कप जिंकणारी ती पहिली स्त्री जॉकी. ती चिठ्ठी ज्यांना आली असेल त्यांनी आधी तोंड वाकडं केलं असणार! मला तर आपल्या भिशीची आठवण झाली. फरक इतकाच, की भिशीत प्रत्येकीचा नंबर कधीतरी लागतोच.

तेव्हा चिठ्ठ्या मीच काढल्या, सगळ्यांदेखत, वर्गात काढायचे तशा. लहान मुलांकडून मात्र पैसे घेऊ दिले नाहीत. आणि एका कुटुंबाने भाग घेतला नाही, त्यांना कोणी आग्रह करायचा नाही असंही बजावलं.

खटकलं ते ते शेवटचे पाच डॉलर. सगळे त्यावर हसत होते. कॉलेजात जाणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "आजी, २०१४ ला माहितीय का काय झालं?" त्या वर्षी अ‍ॅडमायर राक्ती नावाच्या जपानी घोड्यावर सर्वांत जास्त लोकांची भिस्त होती. तो शेवटचा आला आणि तबेल्यात परतल्यावर कोसळून मेला. त्याच शर्यतीतला अराल्डो नावाचा घोडाही त्या दिवशी गेला. २०२० मध्ये अँथनी व्हॅन डाइकचा पाय मोडला, त्याला मारावं लागलं. म्हणजे २०१४ साली कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी मेलेल्या घोड्याच्या नावाने पाच डॉलर हसत हसत घेतले असतील. त्या बिचाऱ्याला तेव्हा कळलंही नसेल.

या कारणासाठी शर्यतच बघायची नाही असं म्हणणारेही तिथे बरेच आहेत. मी तितकी ठाम नाही. मीही टीव्हीसमोर उभी राहून ओरडले, खोटं कशाला बोलू! माझा घोडा अकरावा आला.

पण यंदा लेकीला फोनवर सांगितलं आहे, ते शेवटचे पाच डॉलर तिसऱ्याच्या पंधरात घाला. जावईबापू मागून म्हणाले, "बघू, आई."