टाळ्या कशासाठी वाजवतोय आपण?

मागच्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. अमरावतीत आमच्या भागातल्या एका मंडळानं बालनृत्य स्पर्धा ठेवली होती. बचत गटाच्या कामामुळे चार लोक ओळखतात, म्हणून मला परीक्षक म्हणून बोलावलं. सहा-सात वर्षांची एक चिमुरडी मंचावर आली. ओठांवर गडद लिपस्टिक, अंगावर सिनेमातल्या नटीसारखा पोशाख आणि गाणं कोणतं, तर दारूच्या अड्ड्यावर नाचणाऱ्या बाईचं. त्यातले हावभाव तिनं जसेच्या तसे उचलले होते. अर्थ बिचारीला एकाचाही कळत नव्हता. मागून शिट्या सुरू झाल्या, कुणीतरी नोट ओवाळून टाकली, दहा-बारा मोबाईल वर झाले.

आणि मी? मी तिला दुसरा क्रमांक दिला. ताल पक्का आहे, मेहनत दिसते, अशी मनाची समजूत घातली. पण घरी आल्यावर झोप येईना. शिट्या वाजवणाऱ्यांमध्ये तिच्या बापाच्या वयाची माणसं होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईशी बोलले. ती म्हणाली, "ताई, टीव्हीवर तं येवढ्या येवढ्या पोरी नाचतेत, त्यायले बक्षिसं भेटतेत. माह्याच पोरीचं काहून खटकलं तुमाले?" मला उत्तर देता आलं नाही. कारण तिचं खरंच होतं. घरी टीव्हीसमोर बसून मीही अशा नाचांना 'किती गोड' म्हटलेलं आहे. पाच वर्षांच्या पोराला सूत्रसंचालक विचारतो, "तुझी गर्लफ्रेंड कोण?" आणि आपण सगळे खो-खो हसतो.

पुढच्या महिन्यात बहिणीकडे अकोल्याला गेले. भाचीच्या वाढदिवसाला कपडे घ्यायला दुकानात गेलो, तर पाच वर्षांच्या मापात उंच टाचेच्या चपला, मेकअपचा डबा आणि मोठ्या बायकांच्या फॅशनचे छोटे नमुने. साधा सुती फ्रॉक मागितला, तर दुकानदार म्हणाला, "ताई, साधा दाखवला तं लोकं परत ठेवतेत." म्हणजे मागणारे आपणच, आणि 'काय दिवस आले' म्हणणारेही आपणच!

मैत्रिणींनो, ही काही माझ्या एकटीची चिडचिड नाही. जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं खासगी वाहिन्यांना सूचना पाठवली होती. डान्स रिअॅलिटी शोमध्ये लहान मुलांकडून सिनेमातल्या मोठ्यांचे, वयाला न शोभणारे नाच करवून घेतले जातात, त्याचा मुलांवर वाईट परिणाम होतो, तेव्हा संयम बाळगा, असं त्यात म्हटलं होतं. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं मुलींविषयी एक अहवाल काढला. मुलींना कोवळ्या वयापासून फक्त दिसण्यावर आणि आकर्षक असण्यावर मोजलं जातं, त्याचा संबंध पुढे खाण्यापिण्याच्या आजारांशी, स्वतःला कमी लेखण्याशी आणि नैराश्याशी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

टीव्ही-सिनेमात काम करणाऱ्या मुलांसाठी २०१७ पासून नियमही आहेत. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत. चांगलंच आहे. पण गल्लीतल्या मंडळाच्या मंचावर, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या संगीतात कोण बघणार? तिथे आपणच बघायचं आहे.

एक मात्र आधीच सांगते. याचा अर्थ पोरींना घरात कोंडा, नाचू देऊ नका, फ्रॉकची लांबी मोजा, असा कृपा करून काढू नका. दोष पोरीच्या कपड्यात नसतो. नजर ज्याची वाईट, गुन्हा त्याचा. नाचणं तर आपल्या मातीतच आहे. भुलाबाईसमोर टिपऱ्या घेऊन आपणही फेर धरला, खिरापत ओळखताना नरडं सुकेपर्यंत ओरडलो. पण तो खेळ आपला होता. आपल्याकडे कोण कसं बघतंय याचा विचारही मनात येत नव्हता. लेकराला मोठ्या बाईचे लाडिक हावभाव शिकवले, की नाच लेकराचा राहत नाही, बघणाऱ्याचा होतो.

यंदा मंडळानं पुन्हा बोलावलं तेव्हा मी अट घातली. गाणी आठ दिवस आधी कळवायची, वयाला शोभणारीच निवडायची आणि मुलांचे व्हिडिओ आईबापाशिवाय कुणी काढायचे नाहीत. थोडी कुरकुर झाली. दोघींनी नाव मागे घेतलं. बाकीच्या आया तयार झाल्या. ती चिमुरडीही आली, शेतकऱ्याच्या गाण्यावर नाचली, आणि काय सुंदर नाचली! टाळ्याही भरपूर पडल्या.

खाली उतरून ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आज शिट्ट्या नाही वाजल्या. माझं चुकलं का?"

माझ्या काळजात चर्र झालं. एका वर्षात या लेकराला आपण काय शिकवून बसलो! तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "नाही गं माय, आज तर तू सगळ्यात छान नाचलीस."

म्हणून सांगते बायांनो, पुढच्या वेळी टाळी वाजवण्याआधी क्षणभर थांबा. लेकराच्या कलेला वाजवतोय की त्याच्या अकाली मोठं दिसण्याला, एवढं बघा. तिचे व्हिडिओ गावभर पाठवू नका. कुठे लेकराशी वावगं घडतंय असं वाटलं, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस सुरू असतो, तो घरात लिहून ठेवा. बालपण एकदाच मिळतं. ते राखणं आपल्याच हातात आहे.