आईच्या रक्तांतून बाळास

पोटासाठीं परमुलखीं गेलेल्या मातेनें आपल्या बाळास नकळत रोग द्यावा, ह्याहून दुःखाची गोष्ट थोडीच. चागास रोगाची कथा अशीच आहे.

१९०९ सालीं ब्राझील देशांतील लासांस गांवीं डॉ. कार्लोस चागास ह्यांनीं हा रोग शोधिला व त्याच्या जंतूस आपले वडीलधारे ओस्वाल्दो क्रूझ ह्यांचें नांव दिलें. (गुरुऋण फेडण्याची ही तऱ्हा आम्हां शिक्षकांस आवडण्याजोगीच आहे!) बोलिव्हियाच्या खेड्यांत, मातीच्या भिंतींच्या भेगांत, विंचुका नांवाचा किडा राहतो. ढेकणाप्रमाणें तो रात्रीं निजलेल्या माणसाचें रक्त पितो व तेथेंच विष्ठा टाकितो. खाजविलें कीं ती जखमेंत शिरते. पुढें कित्येक वर्षें कांहींच कळत नाहीं. मग शंभरांतील २० ते ३० रोग्यांचें हृदय बिघडतें.

अशा खेड्यांतील पुष्कळ स्त्रिया घरकामास व वृद्धांच्या शुश्रूषेस स्पेन देशांत गेल्या. किडा मागें राहिला. जंतु मात्र रक्तांतून बरोबर गेला. अशा २० मातांपैकीं सुमारें एकीच्या बाळास तो लागतो. बाळ बहुधा धडधाकट दिसतें, म्हणून कोणी शोध करीत नाहीं. वास्तविक पहिल्या वर्षांत औषध दिल्यास शंभरांतील ९० हून अधिक बाळें बरीं होतात!

कॅटलोनिया प्रांतानें २०१० पासून लॅटिन अमेरिकेंतून आलेल्या गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू केली, हें स्तुत्य होय. परंतु आमच्या मतें तेवढ्यानें भागत नाहीं. गरोदरपणीं हें औषध देत नाहींत. तें गर्भधारणेपूर्वींच दिलें, तर बाळाचें भय बहुतेक टळतें. म्हणून तपासणी आधींच व्हावी, आणि तीहि कागदपत्रें न विचारतां.

कित्येक म्हणतील, परक्यांचा खर्च आम्हीं कां सोसावा? जिच्या हातून आपल्या वृद्ध आईबापांस घांस भरवून घेतले, ती परकी कशी? ती बिचारी तपासणीस भिते. काम जाईल, मातीच्या घरांत जन्मल्याचा डाग लागेल, असें तिला वाटतें. शिवल्यानें किंवा एका पंक्तीस जेवल्यानें हा रोग होत नाहीं, हें मालकिणीस कोणी सांगावें?

आणि एका बाळांत जंतु आढळला, तर थोरल्या भावंडांचेंहि रक्त पाहावें. त्या वयांतहि औषधाचा गुण चांगला येतो. आणि तीं मुलें कोठें दूर नसतात, तेथील शाळांत आमच्यासारख्या शिक्षकांच्या समोरच बांकांवर बसलेलीं असतात.