कॅड शिकायचंय? आधी व्हर्नियर घ्या
मुलाला कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं, शिकवायचं ठरलं की घरात पहिली चौकशी होते ती क्लासच्या फीची. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीचे काही महिने हा खर्च करूच नये. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आणि मुक्त आहे. 2024च्या नोव्हेंबरात त्याची 1.0 आवृत्ती आली, आणि ते घरच्या साध्या संगणकावरही शिकण्यापुरतं चालतं. नुसतं सपाट ड्रॉइंग काढायचं असेल तर लिबरकॅड पुरे. विद्यार्थी असल्याची खात्री पटवली की ऑटोडेस्क ही कंपनी ऑटोकॅडही वर्षभर मोफत देते, मग चोरीची कॉपी हवीच कशाला? ऑनशेप तर ब्राउझरमध्येच चालतं. फक्त त्याच्या मोफत खात्यातलं काम सगळ्यांना दिसतं, एवढं ध्यानात ठेवावं. पैसे घालायचेच तर बारीक मापं घेणाऱ्या एका व्हर्नियर कॅलिपरवर घाला. दाराची बिजागरी काढून घ्या, तिची लांबी, जाडी, भोकांचा व्यास आणि दोन भोकांमधलं अंतर मोजा. मग फ्रीकॅडमध्ये तिच्या एका पानाचं स्केच काढा. सुरुवातीला रेषा माउसने ओढली की सरकते. एकेक माप आणि बंधन घालत गेलं की तिची मोकळीक कमी होत जाते, आणि काहीच अनिश्चित उरलं नाही की सगळं स्केच हिरवं होतं. कोणतं माप द्यायचं आणि कोणतं आपोआप ठरतं, हे इथेच कळतं. कारखान्यात नेमकं हेच विचारतात. अशा दहा वस्तू काढून झाल्या, की मगच क्लासची चौकशी करा.