मेंदूच्या माथी मारलेले राजकारण

राजकीय मत ही मेंदूची घडण आहे, असे मानणारा पक्ष हल्ली जोरात आहे. पुराणमतवाद्याच्या मेंदूत धोका ओळखणारा अमिग्डाला मोठा, तर उदारमतवाद्याच्या मेंदूत विसंगती टिपणारा अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स मोठा; तेव्हा एकाने दुसऱ्याला पटवायला जाणे व्यर्थ, असे हा पक्ष म्हणतो.

याचा मुख्य आधार म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला २०११चा अभ्यास. त्यात ९० तरुणांचे मेंदू तपासले होते. नेदरलँड्समध्ये ९२८ जणांवर तीच तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. त्यात अमिग्डालाचा संबंध मूळच्या साधारण एक तृतीयांश भरला. कॉर्टेक्सचा तर सापडलाच नाही. जो फरक उरला, तोही सरासरीतला. त्यावरून समोरच्या माणसाचे मत ओळखणे अशक्य.

शिवाय आधी काय, मेंदू की मत? लंडनच्याच टॅक्सीचालकांच्या मेंदूत वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा आढळला होता. पुढे शिकाऊ चालकांच्या पाहणीत दिसले की, रस्ते पाठ करता करता तो वाढतो. धंद्याने मेंदू बदलत असेल, तर वर्षानुवर्षे जोपासलेल्या मतांनी तो बदलणारच नाही, हे कशावरून?

आता मिसिसिपीकडे पाहा. १९३६मध्ये या राज्याने डेमोक्रॅट रूझवेल्टना ९७ टक्के मते दिली आणि १९६४मध्ये रिपब्लिकन गोल्डवॉटरना ८७ टक्के. दोन्ही वेळी मतदार बहुतेक गोरेच, कारण काळ्यांना मतदानापासून रोखले जाई. २८ वर्षांत त्यांचे अमिग्डाला पालटले नव्हते. डेमोक्रॅट जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली, हे पालटले होते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, पक्ष बदलला तरी वृत्ती तीच राहिली. मान्य, पण मग ज्या रूझवेल्टनी सरकारी खर्चाने रोजगार उभे केले, त्यांना याच वृत्तीने डोक्यावर कसे घेतले? गोर्बाचेव्हच्या काळात मॉस्कोत बदलाला विरोध करणारे ‘पुराणमतवादी’ कट्टर कम्युनिस्ट होते; वॉशिंग्टनमधले पुराणमतवादी कम्युनिझमचे कट्टर वैरी होते. बदलाची धास्ती दोन्हीकडे होती, झेंडे मात्र उलटे.

म्हणून आमचे म्हणणे असे: स्वभावात फरक असतात, काही अंशी ते आनुवंशिकही असतील. कोणी सावध असतो, कोणी धाडसी. पण सावधपणाला धोरण नसते. ते त्याला कायदा, शाळा, पक्ष आणि प्रचार पुरवतात. भित्रेपणा जन्मजात असू शकेल; कोणाला भ्यायचे, हे मात्र शिकवावे लागते. त्या शिकवणाऱ्यांना जाब विचारणे हे नागरिकांचे काम आहे. विरोधकाचा मेंदूच तसा, असे म्हणून आपण त्यांनाच मोकळे सोडतो.