वादळ कशाचे प्रतीक आहे?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न फिरून फिरून येतो: 'प्रस्तुत कलाकृतीतील वादळ कशाचे प्रतीक आहे ते स्पष्ट करा.' विद्यार्थी असताना आम्ही तो सोडवला आणि शिक्षक झाल्यावर काढलाही. अंतःकरणातील खळबळ, नियतीचा प्रकोप, जुन्या व्यवस्थेचा अंत; उत्तरे ठरलेली असत, गुणही ठरलेले असत. वादळ म्हणजे वादळ, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण दिल्याचे आम्हांला आठवत नाही. आज त्याची क्षमा मागावीशी वाटते. त्याचे कारण वेंगुर्ले तालुक्यातील एका रस्त्यावर घडले.

काही वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या उत्तरार्धात, आम्ही दोघे मोटारसायकलने शिरोड्याहून वेंगुर्ल्याकडे निघालो होतो. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याला शिक्षक होते. पुढे वाटेवर जयवंत दळवींचे आरवली. साहित्याच्या मास्तरांची ही ठरावीक तीर्थयात्राच म्हणायची. निघताना बाजारातला एक दुकानदार म्हणाला, "थांबा हो जरा, येतलो आता." पूर्वेला, घाटाच्या अंगाला, आभाळ काळवंडले होते. आम्ही हसलो आणि निघालो.

आरवली मागे पडली आणि वारा आला. आधी धूळ, मग आडवा पाऊस, मग रस्त्यावर माडांची चुडते. वळवाच्या पहिल्या सरीत डांबरावरची धूळ आणि सांडलेले तेल यांचा राप होतो. त्यावर ब्रेक दाबला तर चाक धरत नाही, हे आम्हांला ठाऊक होते. तरीही ब्रेक दाबला गेला. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि जांभ्याच्या गडग्याला लागून थांबली. एकाचे मनगट मोडले, दुसऱ्याचा गुडघा सोलवटला. डोक्याला हेल्मेटे होती. दहा-बारा पावले पुढे आंब्याची मोठी फांदी रस्त्यावर येऊन पडली, आणि तिच्यासोबत विजेची तार.

गडग्याच्या आतल्या घरातली माणसे धावत आली आणि त्यांनी आम्हांला पडवीत नेऊन बसवले. घरातली आजी म्हणाली, "वेतोबान राखल्यान रे तुमका. बसा, चाय घेवा." रात्री गावाची राखण करीत फिरताना ज्याच्या वहाणा झिजतात, आणि म्हणून भक्त ज्याला चामड्याच्या भल्याथोरल्या वहाणा वाहतात, तो आरवलीचा वेतोबा. त्याने दोन वाटसरू राखले यात आजीला काही नवल वाटले नाही. तिच्या वाक्याबद्दल आमची तक्रार नाही. तिने तो सिद्धान्त म्हणून मांडला नव्हता. 'आता भिऊ नका' एवढाच त्याचा अर्थ होता, आणि त्याच्यामागून खरोखरच चहा आला.

तक्रार आहे ती आमच्याविषयी. घरी परतल्यावर ही हकिकत आम्ही पाच-सहा ठिकाणी सांगितली आणि दर खेपेला ती अधिक गोळीबंद होत गेली. प्रथम दुकानदार गळाला. मग घाटावरचे ते काळे आभाळ गळाले. ते अर्धा तास डोळ्यांसमोर होते, पण कथेत 'क्षणार्धात' काळवंडू लागले. मग गाडीचा वेग गळाला. शेवटी 'पुनर्जन्म' हा शब्द आला आणि हकिकत पूर्ण झाली. वस्तुतः आम्हां दोघांच्या आठवणीही जुळत नव्हत्या. चालवणाऱ्याच्या मते आधी गाडी घसरली आणि फांदी मागाहून पडली. मागे बसलेल्याच्या मते फांदी वाकताना पाहून तोच ओरडला, म्हणून ब्रेक दाबला गेला. हा वाद अजून मिटलेला नाही. पण 'पुनर्जन्मा'च्या कथेत त्याला जागाच उरली नव्हती.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. १६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. त्या वेळी गोव्यात एका दुचाकीस्वाराच्या अंगावर विजेचा खांब कोसळला आणि तो मरण पावला. ती बातमी वाचली आणि आमची कथा आमच्याच घशात अडकली. आम्हांला राखले असेल, तर त्याला का नाही? आम्ही कोणत्या पुण्याईने त्याच्याहून अधिक मोलाचे ठरलो? खरे उत्तर एवढेच की आमच्यात आणि तारेत दहा-बारा पावलांचे अंतर उरले. त्याच्यात आणि खांबात ते उरले नाही. वाचलेल्याने आपल्या वाचण्याला अर्थ चिकटवला, की न वाचलेल्याच्या मरणालाही तो नकळत अर्थ चिकटवतो. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

साहित्याच्या शिक्षणाने आम्हांला ही खोड लावली असे आम्ही म्हणतो ते उगाच नव्हे. योगायोग हा कथानकाचा दोष आहे, असे आपण वर्गात शिकवतो. आयुष्यात मात्र योगायोगच समोर आला, की आपण तो दोष दुरुस्त करायला धावतो आणि त्याच्या जागी नियती बसवतो. त्यात आमच्या वाऱ्याला नावही नव्हते. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना २००४ पासून नावे दिली जातात. 'तौक्ते' हे नाव म्यानमारने सुचवलेले, अर्थ पाल. अर्ध्या तासाच्या वळवाला असे नाव कोण देणार? ती रिकामी जागा आम्ही अर्थाने भरली.

मग साहित्याने काय नुसता पंचनामा लिहावा? तसे आम्ही म्हणत नाही. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधले वादळ पाहा. राजा वाऱ्याला आज्ञा देतो, त्याला आपल्या दुःखाचा साक्षीदार करतो. पण शेजारी विदूषक कुडकुडत असतो आणि त्याला फक्त आडोसा हवा असतो. पाऊस खरोखर पडतो आहे हे त्याच्यामुळे आपण विसरत नाही, आणि त्या पावसात भिजल्यावरच राजाला घर नसलेली माणसे आठवतात. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) वादळ आणि माणूस एकच होतात. अप्पा बेलवलकर स्वतःच आसरा शोधणारे तुफान होतात. ते स्वगत थोर आहे यात शंका नाही. परंतु आपण पिढ्यान् पिढ्या तेवढेच पाठ केले, आणि भिजलेला विदूषक आपल्या वर्गाबाहेरच राहिला. आमच्या मते प्रतीक अंगावर पावसाचे पाणी घेऊन आले पाहिजे. कोरडे आलेले प्रतीक हे केवळ गुण मिळवण्याचे साधन होय.

म्हणून एक सूचना. तो प्रश्न काढून टाकण्याची गरज नाही. त्याच्याआधी एक उपप्रश्न असावा. वारा कोणत्या दिशेचा होता, रस्ता कसा होता, 'थांबा' असे कोणी म्हटले होते काय, आणि त्या वाऱ्यात आणखी कोण होते? याची उत्तरे लिहून झाल्यावर विद्यार्थ्याने खुशाल प्रतीकाकडे वळावे.

पुढच्या वर्षी आम्ही मुद्दाम शिरोड्याला जाऊन त्या दुकानदाराला भेटलो. त्याला आम्ही आठवत नव्हतो. मे महिन्यात तो तसे सगळ्यांनाच सांगतो म्हणे.