मुदत संपली, शिक्का उरला

रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीसारख्या गावात तडीपारीचा हुकूम दोन वर्षांनी संपतो, ‘तडीपार’ हा शब्द मात्र संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 नुसार तडीपारीची कमाल मुदत दोन वर्षे. प्रांताधिकाऱ्यांच्या हुकमावर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते, पुढे उच्च न्यायालय आहेच. पण या वाटेला वेळ लागतो. जालना जिल्ह्यातला 15 डिसेंबर 2020 चा दोन वर्षांचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो 28 जानेवारी 2022 रोजी. निम्म्याहून अधिक मुदत तोवर सरली होती. मुदतच संपली, तर ‘आता काही उरले नाही’ म्हणून अपील निकालात काढणे सोपे असते. आम्हाला ते मान्य नाही. हुकूम ठाण्याच्या दप्तरात राहतो आणि पुढच्या चॅप्टर केसमध्ये (मुचलका घेण्याच्या कारवाईत), तडीपारीच्या नव्या प्रस्तावात पुन्हा पुढे येऊ शकतो. अमेरिकेतही यावर एकमत नाही. घरगुती हिंसाचाराच्या संरक्षण आदेशाची मुदत संपल्यावरही अपील जिवंत राहते, असे कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवले. ओहायोच्या न्यायालयाने 2018 मध्ये कायदेशीर परिणाम दाखवल्याशिवाय ते ऐकायला नकार दिला. आपल्याकडे नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादातला 1956 चा, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खालचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये तपासला आणि ते कलम वैध ठरवले. हुकूम केव्हाच संपला होता, तरी प्रश्न उरला होता.

आक्षेप येईल तो पीडित स्त्रीच्या बाजूने, आणि तो गंभीर आहे. पाठलागाचा त्रास सोसलेल्या बाईला संपलेल्या प्रकरणासाठी पुन्हा कोर्टाची पायरी का चढायला लावायची? मुळात आपल्याकडे तिच्या हाती फार थोडे आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला संरक्षण आदेश ती स्वतः रद्द करायला सांगेपर्यंत चालतो, पण तो घरातल्या नात्यापुरता. एसटी थांब्यावर रोज मागे येणाऱ्या परक्या माणसाविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम 78 आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पण गुन्हा जामीनपात्र. म्हणजे तो परत त्याच थांब्यावर. उरतो तो शांतता राखण्याचा मुचलका, फार तर वर्षभराचा, किंवा दोन वर्षांची तडीपारी. संरक्षण इतके तोकडे असताना, अपिलात कायम झालेला हुकूम तिला पुढच्या अर्जात आधार देईल; न तपासलेल्या हुकमावर पहिला प्रश्नच ‘तो योग्य होता का’ हा येईल. शिवाय अपील कागदपत्रांवर चालते, तिला बोलावण्याची सहसा गरज नसते. बोलावू नये, हे नियमातच लिहावे.

कामाचा बोजा वाढेल, हे खरे. म्हणून संपलेला प्रत्येक हुकूम उकरावा असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा परिणाम पुढे चालू आहे, तोच. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरीची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. तिथे आणि मंत्रालयातही, अपील दाखल होताच हुकमाची शेवटची तारीख पहिल्या पानावर नोंदवावी आणि सुनावणी त्याआधी लावावी.